दोन महिन्यांचा दिस पाह्यलेले चाचा

आख्ख्या मोगलाईत सगळ्यात जास्त ऊन पाह्यलेला माणूस एकच, आन् तो आमच्या धावड्याचा पिंजारी. मी म्हणत न्हाई, ते सोताच म्हणायचे. वैशाखात शेतातून डोकं तापवून कुणी आलं आन् "आज लई ऊन हाये बाप्पा" असं बोललं, की त्यायचं पिंजण थांबायचं. "ह्याला ऊन म्हणता? मी दोन महिन्यांचा एक दिस पाह्यलाय. सूर्य घाण्याच्या बैलावाणी गोल गोल फिरायचा, पण खाली जायाचं नाव न्हाई." समोरचा माणूस पाणी पिता पिता थांबायचा. खरं कुणालाच वाटायचं न्हाई. पण खोटं म्हणायची पण सोय नव्हती, काहून की हे सगळं सांगताना चाचाच्या डोक्यावर लोकरीची टोपी असायची, कानाच्या खाली उतरलेली, हनुवटीला नाडी बांधलेली. भर वैशाखात असली टोपी घालून बसणाऱ्या माणसासंगं वाद कोण घालणार?

गावानं त्यायचं नाव बरफवाले चाचा पाडलं व्हतं. गावात तव्हा बरफ कुणी पाह्यला नव्हता, गारा तेवढ्या पाह्यल्या व्हत्या. एका साली हरभरा घाट्यात आल्ता आन् अशा गारा झोडपल्या की बोलायची सोय न्हाई. गाव कपाळाला हात लावून बसलेलं, आन् चाचा वाटी घेऊन भायेर. पाटलाच्या बांधावर जाऊन गारा येचू राह्यले. वरून पाटलाला सांगतात, "तिथली लेकरं हे चुरमुऱ्यावाणी खातात." पाटलानं पायातली चप्पल काढून फेकली. चाचानं ती उचलली, झटकली, पाटलाच्या पायापाशी आणून ठिवली आन् म्हणले, "घालून घ्या मालक. तिथं अनवाणी पाय ठिवला तर पायच गळून पडतो." पाटील रडायचे ते हसले. हसून झाल्यावर मंग पुन्हा रडले, ती गोष्ट येगळी.

मी ह्या गावात सून म्हणून आले तव्हा दहा-अकरा वर्षांची असंन. माहेर माहं वऱ्हाडात. वऱ्हाड म्हणलं की लोकायला लांब वाटतं, पण ते दीड कोसावर व्हतं. मधी एक ओढा. ओढ्याच्या अल्याड निजाम, पल्याड इंग्रज. नाक्यावर शिपाई बसायचा आन् कुणाच्या गाठोड्यात काय हाये ते पाह्यचा. दीड कोसाचं माहेर, पण सासूबाई चार-चार वर्स धाडायच्या न्हाईत. म्हणायच्या, "दुसऱ्या राज्यात जायाचं म्हंजी काय खेळ हाये का?" जशी काही मी विलायतेलाच जाऊ राह्यले. मी पण मंग इचारणं सोडलं. इचारून उपेग नसला की माणूस गप बसायला शिकतं.

चाचाचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. सकाळी पिंजणाचा टणंव टणंव आवाज सुरू झाला की आमची भांडी फळीवर नाचायची. त्यायची बायको कवाच वारलेली, लेकरूबाळ न्हाई, एक बकरी तेवढी. त्या बकरीवरून सासूबाईची आन् त्यायची रोज जुंपायची. सासूबाई त्यायच्यासंगं उर्दूत भांडायच्या, म्हंजी त्यायला वाटायचं की ती उर्दू हाये. "ओ चाचा, तुमारी बकरी हमारी तुळस खाऊन टाकी!" आन् चाचा त्यायच्या मतानं एकदम शुद्ध मराठीत जवाब द्यायचे, "बाई, बकरी बेजुबान हाये, उसको क्या मालूम तुळस कोणती आन् घास कोणतं!" पुन्हा मला भिंतीवरून हळूच सांगायचे, "बेटी, अस्संच तिथं व्हतं बघ. रूसचा माणूस म्हणायचा मी नारव्याचं बोललो, नारव्याचा म्हणायचा मी रूसचं बोललो. दोघायचं पण चूक. पण मासे बराबर विकायचे."

आता हे नारवे कुठं, आन् चाचा तिथं गेलेच कसे? लहानपणी पिंजणाची तात तोडली म्हणून बापानं हाणलं, तर हे रुसून मुंबईला पळाले. तिथून जहाजावर आगवाला झाले. आगवाला म्हंजी भट्टीत कोळसा टाकणारा. जर्मनच्या पहिल्या लढाईत ते जहाज सामान घेऊन रूसला निघालं, वर उत्तरेला, जिथं म्हणं झाडं पण उगवायला कंटाळतात. भट्टीपाशी घामानं भिजायचं आन् वर येऊन बरफात उभं राह्यचं. त्यात चाचाची छाती भरली. जहाजावरच्या मुकादमानं पाह्यलं, हा काही जगत न्हाई. मंग नारवे म्हणून मुलूख हाये, त्याच्या पार टोकाच्या एका मासेवाल्या गावात उतरवून दिलं. येताना नेऊ म्हणले. जहाज काही आलं न्हाई. चाचा मात्र जगले, काहून की एका म्हाताऱ्या कोळणीनं त्यायला घरी नेलं, माशाचं तेल पाजलं आन् चुलीपाशी निजवलं. तिला ते बुढी अम्मा म्हणायचे. दोन उन्हाळे आन् एक हिवाळा तिच्या घरी काढला, मंग दुसरं जहाज गाठून माघारी आले. सासूबाई म्हणायच्या, "दोन वर्स परक्याच्या घरी फुकट खाऊन आला, आन् सांगतो कसा, जसा काही हजला गेल्ता."

त्या दोन्ही उन्हाळ्यात रमजान आला. आन् इथंच चाचाची पंचाईत झाली. सकाळी रोजा धरला. आता सूर्य मावळला की सोडायचा. बसले वाट पाहत. सूर्य आला समुंदराला टेकायला, आन् टेकता टेकता पुन्हा वर चढला. चाचाला वाटलं आपल्याला तापात दिसून राह्यलं. दुसऱ्या दिवशी पण तेच. नुसतं पाणी पण न्हाई. तिसऱ्या दिवशी हातवारे करून म्हातारीला इचारलं, "सूर्य कव्हा मावळतो?" तिनं बोटं मोजून दाखवलं, अजून महिना हाये. चाचा म्हणायचे, "मला तव्हा समजलं की मी बेमारीनं न्हाई, रोज्यानंच मरणार." म्हातारी किरिस्ताव, तिला रोजा काय ठावं? पण पोरगं समोर भाकर ठिवली तरी खाईना, आन् सारखं खिडकीकडं पाह्यतं, एवढं तिच्या ध्यानात आलं. ती उठली. तिनं काळं जाड घोंगडं आणलं, खिडकीला ठोकलं, दाराला दुसरं लावलं, खोलीत काळाकुट्ट अंधार केला, आन् त्यायच्या हातात भाकरीचा तुकडा देऊन तिच्या भाषेत काहीतरी म्हणली. चाचा म्हणायचे, "शबद एक पण समजला न्हाई. पण ती काय म्हणली ते बराबर समजलं. ती म्हणली, रात झाली बेटा, जेव आता."

गावी आल्यावर चाचाला घोर लागला, की हे रोजे अल्लाकडं धरले गेले का न्हाई. खास चालत भोकरदनला गेले, तिथल्या मौलवीसायबाला इचारलं. मौलवीसायबानं डोळे मिटले, दाढी कुरवाळली, लई येळ इचार केला, आन् म्हणले, "मियाँ, तुम्ही तिथं गेलेच काहून?" चाचा तस्सेच परत आले. तवापासून पाव्हण्याला आन् भिकाऱ्याला पण ते एकच गोष्ट इचारायचे, "जेवले का? न्हाई? मंग रात करू का?" आन् घोंगडं उचलायचे. भर दुपारी. लोक हसायचे, पण जेवायचे.

त्यायचा धंदा गाद्या-रजया भरायचा. पण रजई करायचे ती नारव्याच्या थंडीची. धावड्यात थंडी पडून किती पडंल? पण चाचा कापूस कोंबायचे, कोंबायचे, पुन्हा वरून गुडघा देऊन कोंबायचे. पाटलाच्या लेकीच्या लग्नात रुखवतात त्यायची रजई दिली, तर ती न्यायला चौघं लागले. पहिल्याच थंडीत जावयानं निरोप धाडला, "रजई चांगली हाये, पण एकदा अंगावर घेतली की सकाळी काढायला माणूस बोलवावा लागतो." चाचाला हे ऐकून इतका आनंद झाला! ते त्याला तारीफच समजले. लेकरं जमली की पिंजणानं कापूस असा उडवायचे की घरभर पांढरं भुरभुर. "हे बघा, असा पडतो बरफ. फकस्त हे गरम हाये, ते थंड." लेकरायच्या डोक्यावर, पापण्यांवर कापूस. माही पोरगी तर कित्येक वर्स बरफ झाडाला लागतो म्हणूनच समजायची.

पण खरं वेड म्हणावं तर ते सरहद्दीचं. चाचा सांगायचे, ते नारवे आन् तो रूस, दोघायचे राजे येगळे, देव पुजायची रीत येगळी, पण सरहद्दीवरचे लोक एकमेकाबिगर जगत न्हाईत. नारव्यात मासे बक्कळ, पण पीठ न्हाई. रूसवाल्यापाशी काळं पीठ, पण मासे थोडे. उन्हाळा आला की रूसच्या नावा पीठ घेऊन यायच्या आन् मासे घेऊन जायाच्या. बुढी अम्माकडं एक दाढीवाला नावाडी दर साली यायचा. त्याचा पेला तिच्या घरात खिळ्याला टांगलेला असायचा, दुसऱ्या कुणाला त्यात चहा मिळायचा न्हाई. आधी बसून संगं खायाचं, मंगच पीठ आन् मासे. अशी रीत. आन् एका जागी म्हणं नदी हीच सरहद्द व्हती, पण नदीच्या पल्याड रूसवाल्यायचा लहानसा गिरजा राह्यला, तर राजांनी गिरज्यासाठी रेघ वाकवली. हे ऐकून पाटील भडकले. "तिथं देवळासाठी रेघ वाकते आन् इथं माह्या चिंचेसाठी वाकली न्हाई! बुडखा निजामात, चिंचा इंग्रजात पडतात!"

चाचाच्या मनानं घेतलं, हाच येव्हार आपल्या ओढ्यावर पण चालला पाह्यजे. ओढ्याच्या मधोमध एक मोठा सपाट दगड हाये. नाका तिथून बराच खाली. एक दिस चाचानं नवीकोरी रजई त्या दगडावर नेऊन ठिवली आन् आपण काठावर बाभळीखाली बसले. कुणीतरी येईन, रजई घेईन, आन् बदल्यात आपल्याजवळचं काही ठिवून जाईन. चार दिस बसले. पहिल्या दिवशी कावळा आला. दुसऱ्या दिवशी एका मेंढक्यानं रजईवर तासभर झोप काढली, आन् उठून सलाम करून गेला. तिसऱ्या दिवशी कुत्री व्याली, रजईवरच. चौथ्या दिवशी सकाळी जाऊन पाह्यलं, तर रजई गायब. पिलं पण गायब. सासूबाईला इतकं हसू आलं की त्यायचा दम अडकला. "घ्या! नारवे बुडालं ओढ्यात!" चाचा पुन्हा पिंजायला बसले. आठ दिवसांनी सहज तिकडं गेले, तर दगडावर एक गाडगं. तोंडाला फडक्याचा दादरा बांधलेला. आत कैरीचं लोणचं.

चाचा ते गाडगं डोक्यावर घेऊन गावभर फिरले. आमच्या दारात आले. "चाख बेटी! नारव्याची रीत चालली बघ!" मी बोट बुडवलं आन् तोंडात घातलं. मेथी काळपट भाजलेली, करडीचं तेल, हिंग वरून न्हाई तर फोडणीत. माही जीभ थांबली. जगात असं लोणचं एकच बाई घालायची. ती माही माय.

पुढं एका येणाऱ्या-जाणाऱ्याकडून समजलं ते असं, की माय ओढ्यावर धुणं धुवायला आल्ती, तिला दगडावर रजई दिसली, रजईवर कुत्रीचं बाळंतपण. पिलं गोठ्यात नेऊन ठिवली, रजई धुतली. पण तिला वाटलं, दुसऱ्याची वस्त फुकट कशी घ्यावी? म्हणून लोणचं ठिवलं. चाचाला हे सांगितलं तर ते थक्क व्हऊन म्हणले, "बघ! मी न सांगता तिला रीत ठावं हाये!"

तवापासून सालाला दोनदा, कधी तीनदा, दगडावर येव्हार चालायचा. इकडून रजई, न्हाई तर उशी. तिकडून लोणचं, जवसाची चटणी, कधी तीळ. मायला दुसऱ्याच खेपेला उमगलं की गाडगं लेकीच्या गावी जातं. भेट काही व्हायची न्हाई. चाचा आन् मायनं पण एकमेकाला कधी पाह्यलं न्हाई. ती ठिवून जायाची, हे उचलायचे. पण मला लोणच्यातून सगळं कळायचं. लोणचं तिच्या हातचं हाये म्हंजी माय उभी हाये. एवढं मला बास व्हतं. माहा नवरा तापानं गेला तव्हा मी बावीस-तेवीसची, पोरगी अंगावर पिणारी. रडायला येळ नव्हता, कापूस येचणीला आल्ता. वटीत कापूस येचायचा, दुपारी भाकरीसंगं ते लोणचं खायाचं आन् पुन्हा येचायचं. सासूबाई आता तर अजिबात माहेरी धाडंनात. रागानं न्हाई, भेवानं. मी गेले आन् आलेच न्हाई, तर त्यायला कोण व्हतं?

मंग ते वाईट साल आलं, रझाकारीचं. पल्याड इंग्रज गेला आन् तिरंगा लागला, अल्याड निजामच. नाक्यावर बंदुका आल्या. तरणी पोरं रातोरात वऱ्हाडात जाऊ लागली, कुणी घरदार टाकून. ओढ्यावर पाणी भरायला पण बाया जमावानं जायाच्या. तशात चाचा एक दिस दगडावरचं गाडगं घेऊन आलेच. मी चाखलं. मीठ जास्त. मेथी कच्ची. तेल भलतंच. हात मायचा न्हाई.

 मी हातातलं काम करू राह्यले. चाचानं भिंतीवरून पाह्यलं. "काय झालं बेटी?"

"लोणचं दुसऱ्यानं घातलंय, चाचा."

त्यायला सगळं समजलं. भिंतीवरूनच म्हणले, "उद्या जाऊ. दिवसा जाऊ. चोर रातीला जातो, आपण चोर न्हाई."

सासूबाई ओरडल्या, "लोक जीव घेऊन पळू राह्यले आन् हा बरफाचा गोळा माह्या सुनेला बंदुकीसमोर नेतोय!" पण सकाळी त्यायनीच पोरीला मांडीवर घेतलं आन् दुसरीकडं तोंड करून म्हणल्या, "जा. जल्दी ये. आन् येच, समजलं का सटवे?"

चाचानं सगळ्यात मोठी रजई काढली. एक टोक त्यायच्या डोक्यावर, एक माह्या. अशी वरात नाक्यासमोरून निघाली. शिपायानं बंदूक आडवी केली. "कुठं?" चाचा म्हणले, "रजई पोचवायची हाये. वर्दी हाये." शिपायानं रजईवर हात दाबला, पुन्हा दाबला, आन् त्याचा चेहराच बदलला. "चाचा, मागच्या थंडीत माह्या जमादारानं तुमची रजई अंगावर घेतली, दोन दिस ड्युटीवर आला न्हाई. जा, जा, घेऊन जा हे इथून."

दगडापाशी आल्यावर चाचा थांबले. "मी इथपर्यंत. पल्याडच्यानं बोलवल्याबिगर जायाचं न्हाई, अशी रीत." म्हणून त्या दगडावर, भादव्याच्या उन्हात, टोपी घालून, रजईवर बसून राह्यले. मी पळत गेले. माय वसरीत बसलेली, हात फडक्यात बांधून गळ्यात. धुण्यावरून घसरून मनगट मोडलं व्हतं. लोणचं भावजयीनं घातलं व्हतं. माय मला पाहून पहिलं वाक्य काय बोलली? "मीठ लई झालं का गं?" मी हसले आन् मंग लई रडले. नवरा गेला तव्हाचं रडणं पण त्यातच उरकून घेतलं.

त्याच भादव्यात, आठ-दहा दिस झाले नसतील, हिंदुस्थानची फौज आली. पोलीस अॅक्शन म्हणतात तिला. चार-पाच दिवसात निजाम खलास. लोकायनी गूळ वाटला, मी पण वाटला. पण जे सालभर मार खाऊन बसले व्हते, त्यायच्यातल्या काहींचा राग आता भायेर निघाला, आन् राग आंधळा असतो. ज्यानं मारलं तो कवाच पळाला, राग मंग जो घरी बसलेला सापडला त्याच्या दारी गेला. आजूबाजूच्या गावायचं ऐकू येऊ लागलं. आमच्या गावात मुसलमानाचं घर एकच, पिंजाऱ्याचं.

मी चाचाला भिंतीच्या भगदाडातून आमच्या घरात घेतलं, कणगीच्या मागं बसवलं. भाकर दिली. खाल्ली न्हाई. दुसऱ्या दिवशी दिली. न्हाई.

"काहून खात न्हाई चाचा?"

"रोजा हाये."

"रमजान तर कवाच संपला."

"माहा हाये बेटी. सूर्य मावळला की सोडीन."

बाहेर रोज सूर्य मावळू राह्यला व्हता. पण चाचा कोणत्या सूर्याचं बोलू राह्यले ते मला कळलं. मी उठले. नवऱ्याचं काळं घोंगडं व्हतं, ते दाराला आतून ठोकलं. झरोक्यात चिंध्या कोंबल्या. भर दुपारी घरात काळोख केला. चाचपडत जाऊन भाकर त्यायच्या हातावर ठिवली, वर लोणचं. "चाचा, रात झाली. जेवा आता."

अंधारात मला त्यायचं तोंड दिसलं न्हाई, ते बरंच झालं. थोड्या येळानं चावल्याचा आवाज आला.

तेवढ्यात अंगणात माणसं. काठ्या, कुऱ्हाडी, परगावचे. सासूबाई उंबऱ्यावर बसलेल्या, तांदूळ निवडू राह्यलेल्या. मी आत घोंगड्याला चिकटून उभी. एक जण म्हणला, "म्हातारे, तो पिंजारी कुठं हाये?"

सासूबाईनं सूप खाली ठिवलं न्हाई. "तो? तो बरफात गेला."

"कुठं?"

"नारव्याला. वर, रूसच्या अंगाला. जा, शोधा. तिथं दोन महिन्यांचा दिस असतो, निवांत शोधा, अंधार पडायचा घोर न्हाई. आन् सापडला तर सांगा त्याला, तुही बकरी माही तुळस खाऊन राह्यली."

दोघं-तिघं हसले. एक जण म्हणला, "म्हातारीचं डोकं फिरलंय." गेले. तीस वर्स ज्या गोष्टीवर सासूबाई हसल्या, तीच त्यायनी येळेला अशी खणखणीत वाजवली. ते गेल्यावर मी भायेर आले तर सुपातले तांदूळ सगळे अंगणात सांडलेले. सासूबाई मला म्हणल्या, "बघतेस काय भवाने? येच."

दुसऱ्या दिवशी पहाट फुटल्यावर चाचाला लुगडं नेसवलं, लोकरीच्या टोपीवरूनच पदर घेतला, काहून की टोपी काही ते काढंनात, आन् आम्ही तिघी बाया म्हणून ओढ्यावर गेलो. दगडापाशी चाचा पुन्हा थांबले. "बोलवल्याबिगर न्हाई." जीव जायाची पाळी आन् ह्यायची रीत! मी कपाळाला हात लावला. पण गावागावाचं ऐकून माय पल्याड काठावर येऊन उभी व्हती, गळ्यात हात बांधलेला. पहिल्यांदाच त्या दोघायनी एकमेकाला पाह्यलं. चाचा लुगड्यात. माय जरा येळ पाहतच राह्यली. मंग म्हणली, "या भाऊ. जेवण थंड व्हऊ राह्यलंय."

चाचा मंग तिकडंच राह्यले, मायच्या गोठ्यापलीकडच्या खोलीत. पुढं नाका उठला, शिपाई गेले, दोन्हीकडं एकच राज्य झालं. मी पाह्यजे तव्हा माहेरी जाऊ शकत व्हते, चाचा येऊ शकत व्हते. पण इकडं राह्यला ते पुन्हा आले न्हाईत. आम्ही पण म्हणलो न्हाई. कोणत्या तोंडानं म्हणावं? फकस्त येव्हार सोडला न्हाई. उन्हाळा आला की दगडावर रजई. मी लोणच्याचं गाडगं ठिवायची. मायचा हात काही पहिल्यासारखा झाला न्हाई, म्हणून आता लोणचं मी घालत व्हते, तिच्यावाणी, मेथी काळपट भाजून.

एक गोष्ट चाचा नेहमी शेवटाला सांगायचे, सासूबाई तव्हा उठून जायाच्या. त्यायच्या दुसऱ्या उन्हाळ्यात रूसमधी राजा गेला, उलथापालथ झाली, आन् नावा आल्याच न्हाईत. बुढी अम्मानं त्या दाढीवाल्याच्या वाट्याचे मासे मांडवावर येगळे वाळत घातले व्हते. पेला खिळ्याला. लोक म्हणायचे, आता कुणी येत न्हाई, काढून टाक. ती पेला पुसायची, पुन्हा टांगायची आन् म्हणायची, उशीर झालाय.

एका साली दगडावर रजई आली न्हाई. मी आपली गाडगं ठिवून आले. आठ दिवसांनी गेले, तर गाडगं तिथंच, दादऱ्याची गाठ माहीच. निरोप यायच्या आधी मला समजलं.

आता मी थकले. सासूबाई, माय, कुणीच राह्यलं न्हाई. चाचाची एक रजई माह्यापाशी हाये, नातवाला ती एकट्याला उचलत न्हाई. दर साली लोणचं घालते, एक गाडगं येगळं काढते. नातसून म्हणती, "आजी, एवढं कुणाला? कोण येणार हाये?"

मी दादरा बांधते आन् म्हणते, "येतील. उशीर झालाय."